मावशीच्या दारातली हँडलं

"आधी हँडल. मग भाकरी."

हे म्हणताना मावशी वर बघायची नाही. चुलीपुढे बसलेली, एका हाताने तव्यावरची भाकरी फिरवतेय आणि दुसरा हात दाराकडे लांब केलेला, तळवा वर. दारात घामेजलेला ड्रायव्हर उभा. तो कितीही भुकेलेला असो, कितीही मोठ्या मालकाचा असो, त्या तळव्यावर लोखंडी हँडल टेकवल्याशिवाय त्याला बाकावर बसता येत नसे.

हँडल म्हणजे काय, ते आता सांगायला हवं. त्या काळी लॉरीला सेल्फ-स्टार्टर असायचा, पण नावाला. बॅटऱ्या कायम बसलेल्या. लॉरीच्या तोंडाशी एक भोक असे. त्यात वाकडं लोखंडी हँडल घालायचं, अंगातला सगळा जोर लावून फिरवायचं, दोन-चार शिव्या द्यायच्या, तेव्हा कुठे इंजिन खोकत खोकत जागं व्हायचं. हँडल नाही तर लॉरी जागची हलायची नाही. आणि पोलादपुरात जेवायला थांबलेल्या सगळ्या लॉऱ्यांची हँडलं मावशीच्या चुलीमागे भिंतीला टेकून उभी असायची.

पोलादपूर तुम्ही पाहिलं असेल. महाडहून येणारा रस्ता इथे फुटतो. एक फाटा कशेडी घाट चढून खेडकडे जातो, दुसरा डावीकडे वळून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला. कुठेही जा, घाट चुकत नाही. त्या फाट्यावर मालवाहतुकीचं आमचं बुकिंग ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, टेबल, वजनकाटा आणि मी. समोर मावशीचं हॉटेल. पन्नाससाठच्या दशकातली ही गोष्ट. मी महाडचा, नोकरीसाठी इथे राहिलेला आणि दोन्ही वेळा मावशीकडे जेवणारा. तिने मला नावाने कधी हाक मारली नाही. "ए बुकिंग, ताक घे," एवढंच.

तिचं खरं नाव तरी कोणाला ठाऊक होतं? घाटावरून गूळ आणि बटाटे घेऊन उतरणारे, रत्नागिरीकडून कौलं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन येणारे, सगळ्यांची ती मावशी. बुटकी, काटक, आवाज मात्र रस्त्यापलीकडे जाणारा. नऊवारी लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला आणि कपाळावर कायम पिठाचा एक पांढरा डाग. तो तिला कोणी सांगितला तर ती दुसऱ्या हाताने आणखी पीठ लावून घ्यायची.

हँडल ठेवून घ्यायची पद्धत कशी सुरू झाली, ते मी आल्याआल्याच ऐकलं. त्या दिवसांत दारूबंदी होती. म्हणजे दारू मिळत होती, फक्त विचारून घ्यावी लागे. एकदा एक ड्रायव्हर असाच विचारून, घेऊन आला. जेवताना त्याला ताटातली भाकरी सापडेना. मावशीने गुपचूप त्याचं हँडल उचललं आणि लाकडांच्या ढिगाखाली सारलं. गडी उठला, लॉरीभोवती फिरला, हँडल चोरीला गेलं म्हणून सगळ्या पोलादपूरचा उद्धार केला आणि शेवटी मावशीच्याच ओट्यावर आडवा झाला. सकाळी तिने चहाबरोबर हँडल पुढे केलं. तो वाकून पाया पडला आणि गेला. पुढच्या खेपेला आला तो हँडल हातात घेऊनच. म्हणाला, "मावशी, तूच ठेव. जेवल्यावर बघ माझ्याकडं, मग दे." त्याचं बघून दुसरा देऊ लागला, दुसऱ्याचं बघून तिसरा. पुढे ती रीतच पडली.

मी एकदा तिला विचारलं, "मावशी, ही उठाठेव कशाला? लायसन सरकारने दिलंय, गाडी मालकाची आहे. तुझं यात काय?"

तिने माझ्या पानात आमटी वाढली आणि म्हणाली, "माज्या हातचं जेवून गेला आनि दरीत पडला, तर ते अन्न कोनाचं रे?"

मी आमटीत भाकरी कुस्करायला घेतली.

हँडल परत द्यायची तिची एक तऱ्हा होती. जेवण झालं की ड्रायव्हरच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप द्यायची. बशी नाही. मग समोर उभी राहून तीन प्रश्न विचारायची. "कुटनं आलास? झोप झाली? घरची बरी हायत?" प्रश्न रोज तेच, त्याच क्रमाने. उत्तरांशी तिला फारसं देणंघेणं नसावं. ती बघत असायची कप, डोळे आणि तोंडातून शब्द कसा बाहेर येतो ते. मग मागे वळून बरोबर त्याचंच हँडल उचलायची आणि "जा, सावकाश" म्हणायची. नाहीतर नुसतं म्हणायची, "चटई घे."

चटई घे म्हटल्यावर चटई घ्यावी लागे. वाद घालणारे भेटायचेच. एक जण घरून बायकोशी भांडून निघाला होता. प्यायलेला नाही, झोप झालेली, कप स्थिर. पण तिसऱ्या प्रश्नाला त्याने "हायत की मेली ती" असं उत्तर दिलं. मावशीने चटई दाखवली. तो चवताळला. म्हणाला, "मी काय दारू प्यालोय?" मावशी म्हणाली, "दारू प्यालेला तरी वळनाला घाबरतो. तू आज घाबरायचा नायस." मग त्याला तिने लाकडं फोडायला बसवलं. ढीगभर लाकडं फोडून, घाम पुसून तो स्वतःशीच हसला, तेव्हा त्याला हँडल मिळालं. मावशीला फुकटात लाकडं मिळाली असं मी म्हटलं, तर तिने मला ताक दिलं नाही.

एकदा ठाण्यात नवे पोलीस जमादार आले. त्यांच्या कानावर हे गेलं होतं. हॉटेलात शिरून त्यांनी दरडावलं, "बाई, लोकांच्या गाड्या अडवायचा तुला काय अधिकार? कुठल्या कायद्याने?"

मावशी भाकरी थापत होती. म्हणाली, "मी कुटं अडवल्या? गाड्या तितं उभ्या हायत. ढकला."

बाकावरचे ड्रायव्हर ताटात तोंड घालून हसत होते. जमादारांनी इकडेतिकडे पाहिलं, भिंतीशी उभी असलेली हँडलं पाहिली, त्यांनाही हसू आवरेना. बसले आणि जेवले. नंतर तेच जमादार घाटात लॉरी थांबवली की आधी विचारायचे, "मावशीकडनं आलास का?" हो म्हटलं की पुढे सोडायचे. सरकारने लायसन एकदा दिलं की बरीच वर्षं कोणी त्या माणसाकडे बघत नाही. ही बाई रोज बघत होती, आणि तिच्या बघण्यावर तो सबंध मुलूख विसंबून होता. मला त्याची गंमत वाटायची. नंतर जे घडलं, त्यानंतर गंमत वाटेनाशी झाली.

तुडीलचा सखाराम मावशीचा लाडका. सावित्रीच्या काठावरचं त्याचं गाव. येताना कधी नदीतली कोळंबी, कधी भोपळ्याची फुलं असं काहीबाही तिच्यासाठी आणायचा. गाडी अशी चालवायचा की मागे कौलं भरलेली असली तरी एक तडकायचं नाही. त्या पावसाळ्यानंतर त्याला हिवताप आला. आमच्याकडे तो सगळ्यांनाच यायचा, त्याचं कोणाला नवल नव्हतं. आठवडाभर पडून राहिला, कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, कडू गोळ्या खाल्ल्या आणि ताप उतरल्यावर गळ्याला मफलर गुंडाळून लॉरी घेऊन आला.

मावशीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. मऊ भात वाढला. कप दिला, त्याचा हात हलला नाही. तीन प्रश्न विचारले, त्याने तिन्हींची उत्तरं नीट दिली. डोळे स्वच्छ. तिने हँडल दिलं.

आंबेनळीचा चढ लागायच्या आधी रस्ता थोडा सपाट आहे आणि तिथे एक वळण आहे. वरच्या धनगरवाड्यातला कोंडीबा गवळी आपल्या म्हशी तिथून रस्ता ओलांडून ओढ्यावर नेत असे. त्या दिवशी म्हशी रस्त्यात होत्या आणि सखारामची लॉरी येत होती. कोंडीबाने हात वर करून हाळ्या दिल्या. डोंगरातल्या माणसाची हाळी ती, एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर पोचणारी. पलीकडे खडी फोडत बसलेल्या बायांनीसुद्धा ऐकून माना वर केल्या. लॉरी थांबली नाही. वळणावर आल्यावर सखारामला म्हशी दिसल्या, त्याने ब्रेक मारला, पण तोवर उशीर झाला होता. एक म्हैस जागीच गेली. दुसरीला ढकलायला धावलेल्या कोंडीबाच्या पायावरून चाक गेलं.

सखारामनेच त्याला उचलून लॉरीत घातलं आणि महाडच्या दवाखान्यात आणलं. पाय वाचला, पण वाकडा राहणार असं डॉक्टरांनी सांगितलं. पोलिसांनी खडीवाल्या बायांचे जबाब घेतले. एवढा माणूस ओरडतोय आणि हा थांबत नाही म्हणजे काय? खटला उभा राहिला. बेदरकारपणे आणि लोकांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने गाडी चालवली, असा आरोप. शाबीत झाला तर तुरुंग आणि लायसन जाणार. सखारामच्या घरी म्हातारे आईबाप, बायको, मुलं. लायसन सोडलं तर त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मालकाने वकील दिला. वकील हुशार होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: गवळी ओरडलाच नाही, म्हशी एकदम रस्त्यात घुसल्या, गुरं मोकाट सोडणाऱ्याचीच चूक. खडीवाल्या बाया कोंडीबाच्या गावच्या, त्या त्याच्यासारखंच बोलणार. सगळे ड्रायव्हर सखारामच्या बाजूने. सखाराम स्वतः मात्र काही बोलत नव्हता. विचारलं की खाली बघायचा. आम्हाला वाटलं, गडी धसक्याने गप्प झालाय.

वकिलाला एक साक्षीदार हवा होता. सखाराम त्या दिवशी शुद्धीत होता, धडधाकट होता, हे सांगणारा. आणि त्या बाबतीत मावशीपेक्षा वजनदार साक्ष अख्ख्या तालुक्यात कोणाची असणार? वकील स्वतः हॉटेलात येऊन गेला. मावशी म्हणाली, "येते. खरं काय ते सांगते." वकिलाला तेवढंच हवं होतं. तो जेवून, भाकरीची तारीफ करून गेला.

महाडच्या कोर्टात त्या दिवशी इतके ड्रायव्हर जमले होते की रस्त्यावर लॉऱ्यांची रांग लागली होती. मीही गेलो. कोंडीबा व्हरांड्यात बसला होता, पाय प्लॅस्टरमध्ये, शेजारी बायको. मावशी धुतलेलं लुगडं नेसून पिंजऱ्यात उभी राहिली. कपाळावर पिठाचा डाग नव्हता, त्यामुळे ती वेगळीच कोणीतरी दिसत होती.

वकिलाने विचारलं, "बाई, हा इसम त्या दिवशी दारू प्यायलेला होता का?"

"नाय."

"पेंगत होता?"

"नाय. डोळं साफ व्हते."

"ताप?"

"उतरलेला. मी हात लावून बघितला."

"हँडल तुम्हीच दिलंत?"

"मीच दिलं."

वकिलाने मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे समाधानाने पाहिलं. "बास. या आता खाली."

मावशी हलली नाही. पिंजऱ्याचा कठडा तिने दोन्ही हातांनी धरला होता. "माजं झालं नाय अजून," ती म्हणाली.

"विचारलं तेवढंच सांगायचं असतं बाई."

"पन खरं एवढंच नाय."

मॅजिस्ट्रेटसाहेब वयस्क, शांत गृहस्थ होते. त्यांनी वकिलाला हाताने थांबवलं आणि तिला म्हणाले, "सांगा."

मावशी सखारामकडे बघत बोलू लागली. "हँडल घेऊन तो भाईर गेला. मफलर बाकावर राहिला तेचा. मी दारात येऊन हाक मारली. 'सखा, मफलर!' माजी हाक तुमी ऐकली नाय सायेब, पन हितल्या समद्यांना म्हायती हाय. गाडी चालू व्हायची व्हती अजून. तो चार पावलांवर व्हता, पाठमोरा. वळला नाय. परत मारली, तरी नाय. मला वाटलं घाईत हाय. गेला. मग म्हैस मेली, कोंडीबाचा पाय मोडला, आनि तवापासनं मी ती हाक आठवतेय." ती थांबली. "कोंडीबा वरडला असनार. हेला ऐकू येत नव्हतं."

वकील उठून काहीतरी बोलू लागला. साहेबांनी त्याला बसवलं आणि सखारामला विचारलं, "हे खरं आहे?"

सखाराम उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मग सगळं बाहेर आलं. कोयनेलच्या गोळ्यांनी त्याच्या कानात सारखा घूं आवाज होत होता, गिरणीत उभं राहिल्यासारखा, आणि त्यापलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. आठवडाभर खाडा झालेला, आणखी घरी बसायची सोय नव्हती. कळलं असतं तर मावशीने चटई दाखवली असती. म्हणून बोलला नाही. "मावशीचं सवाल ठरलेलं असतात सायेब," तो म्हणाला. "पयला कंचा, दुसरा कंचा, म्हायती असतंय. तिचं व्हट हलायचं थांबलं की मी उत्तर दिलं." नंतर काही दिवसांनी कान मोकळे झाले, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ती बाई फक्त गप्प राहिली असती तरी चाललं असतं. विचारलेल्या सगळ्याची खरी उत्तरं तिने दिली होती. कोणीही तिला खोटारडी म्हटलं नसतं. लाडका सुटला असता, ड्रायव्हरांनी तिला डोक्यावर घेतलं असतं. आणि कोंडीबा, पाय मोडून वर खोटा ठरून, डोंगर चढून घरी गेला असता. तिच्या शब्दाला जी काही किंमत होती, ती तिने आमच्या सगळ्यांसमोर स्वतःच घालवून टाकली.

साहेबांनी निकाल दिला. आपलं शरीर धड नाही हे ठाऊक असताना गाडी रस्त्यावर आणणं हाही गुन्हाच, आणि तेही धोकादायकच, असं ते म्हणाले. मात्र बेपर्वाईने दुसऱ्याचा जीव कस्पटासमान मानणारा हा माणूस नाही. तुरुंग टळला. दंड झाला, लायसनवर शेरा पडला आणि एक वर्षासाठी गाडी चालवायला तो अपात्र ठरला. त्यानंतरही डॉक्टरने कान तपासून दाखला दिला तरच लायसन परत.

सगळे उठू लागले. मावशी खाली बसलेली, ती उभी राहिली. "आनि माजं काय?"

साहेबांनी चष्मा काढला. "तुमचं काय बाई?"

"हँडल मी दिलं. हाक मारून वळला नाय, तवा धावून काढून घ्यायला हवं व्हतं. मी घेतलं नाय. मला काय शिक्षा?"

साहेब मृदू आवाजात म्हणाले, "कायदा लायसन असलेल्याला विचारतो बाई. तुमच्याकडे कुठलं लायसन नाही. तुमच्यावर काही गुन्हा होत नाही."

"बरं," मावशी म्हणाली. पण तिला ते पटलं नव्हतं, ते सगळ्या कोर्टाला दिसत होतं.

संध्याकाळी पोलादपूरला परतल्यावर तिने थांबलेल्यांना शेवटचं जेवू घातलं, भिंतीशी उभी असलेली दोन-तीन हँडलं ज्याची त्याला देऊन टाकली आणि चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. आमच्याकडे भरल्या घरात पेटत्या चुलीत कोणी पाणी ओतत नाही. मी म्हटलं, "मावशी, काय करतेस हे?"

"तेचं वरीसभर बंद, तर माजंबी वरीसभर बंद," ती म्हणाली. दाराला कडी घातली, कपड्यांचं गाठोडं उचललं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच डोंगर चढून धनगरवाड्याला कोंडीबाच्या दारात जाऊन उभी राहिली.

कोंडीबाने तिला हाकललं. "मला कुनाची मोलकरीन नको," म्हणाला. ती गोठ्यात राहिली. शेण काढलं, गवत कापून आणलं, म्हशी घेऊन ओढ्यावर गेली. म्हशींनी तिला सुरुवातीला काही जुमानलं नाही. मी एकदा चढून बघायला गेलो, तेव्हा कोंडीबाची बायको हसत सांगत होती, "ही कासेला बसली का म्हशी पान्हा चोरतात वो!" मावशी घामाघूम होऊन एका हट्टी म्हशीला समजावत होती. "झोप झाली काय तुजी?" असं तिला विचारताना मी ऐकलं, आणि हसावं की रडावं ते मला कळेना. मला म्हणाली, "बुकिंग, जेवतोस कुटं रे आता? सुकलास." सखारामची चौकशी केली. तो आमच्याच ऑफिसात हमाली करत होता, ते ऐकून तिने मान डोलावली.

खाली ड्रायव्हर आधी चिडलेले होते. आपल्यातल्याच माणसाला हिने बुडवलं, असं बोलायचे. पण घाट काही कोणाच्या रागासाठी थांबत नाही. जेवायला ते दुसरीकडे थांबू लागले. तिथे हँडल कोणी मागत नसे. जेवायचं, हँडल मारायचं, निघायचं. एक वयस्क ड्रायव्हर मला एकदा म्हणाला, "हितनं निगताना आता कोन 'जा, सावकाश' म्हनत नाय. घाटात येकटं वाटतं." हळूहळू तिच्या बंद दारासमोर गाड्या आपोआप मंदावू लागल्या. थांबत कोणी नसे, पण वेग कमी होई.

वर्ष सरलं. सखारामचे कान डॉक्टरने तपासले, दाखला दिला, लायसन परत मिळालं. लायसन हातात घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तिला आनायला पायजे. तू चल." आम्ही दोघे आणखी चार ड्रायव्हर घेऊन धनगरवाड्यावर चढलो. मावशी अंगण सारवत होती. सखारामने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने शेणाचे हात बाजूला धरून मनगट त्याच्या पाठीवरून फिरवलं.

"चल मावशी," आम्ही म्हणालो. "वर्ष झालं. चूल पेटव."

तिने मान हलवली. "तुजं लायसन सायबांनी परत दिलं सखा. तेंचा अधिकार व्हता. माजं कोन देनार?"

आम्ही बोललो बरंच काही. आम्ही सगळे देतो म्हणालो, तुझी चूक नव्हतीच म्हणालो. ती ऐकत होती आणि सारवत होती. तिला हवं ते आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं, हे आम्हालाही कळत होतं.

कोंडीबा ओट्यावर बसून सगळं बघत होता. तो काठी टेकत उठला. बायकोला म्हणाला, "घोंगडी दे." ती खांद्यावर टाकली, दुधाची कासंडी उचलली आणि वाट उतरायला लागला.

"अवो, कुटं?" बायको ओरडली. कोर्टातून परतल्यापासून तो डोंगर उतरला नव्हता.

"वरीस झालं, माज्याच घरात मला माज्या हातानं ताट वाढून घ्यायची बंदी केलीय हिनं," तो मागे न बघता म्हणाला. "खाली पोचवून येतो."

त्या वाकड्या पायाने तो सबंध उतार उतरला. वाटेत तीनदा बसला. सखाराम त्याला धरायला पुढे झाला, तर त्याने काठीनेच त्याला दूर केलं आणि पुढच्या अवघड टप्प्यावर स्वतःहून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मावशी शेणाच्या हातांनी सगळ्यांच्या मागून येत होती.

हॉटेलाची कडी कोंडीबानेच काढली. आतल्या बाकावरची धूळ घोंगडीने झटकून तो बसला, कासंडी पुढे ठेवली. "चाय ठेव," म्हणाला.

मावशी दारातच थबकली. मग हात धुऊन आली आणि चुलीपुढे बसली. लाकडं दमट होती. बराच वेळ नुसता धूर झाला. सखाराम फुंकायला वाकला तर तिने त्याला बाजूला सारलं. शेवटी जाळ लागला, दूध उतू जायला आलं, आणि तिने पहिला कप कोंडीबाच्या पुढे धरला.

त्याने तो दोन्ही हातांत घेतला, घोट घेतला आणि दाराबाहेर रस्त्याकडे बघत म्हणाला, "उद्यापास्नं मी म्हशी परत त्याच वळनावरनं आननार हाय. आता मला धावता येत नाय. गाड्या बघून सोडत जा."

मावशीने मान डोलावली. मग वर न बघता तिने दारात उभ्या असलेल्या ड्रायव्हरांकडे हात लांब केला, तळवा वर.